खपली

टँकरचा नळ सुटला तेव्हा डेल्फिना बारागान तारेच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. आधी नुसती हवा फुसफुसली. मग मागच्या आडव्या दांडीला लावलेल्या सगळ्या तोंडांतून पांढरं पाणी पंख्यासारखं पसरलं आणि जोजोबाच्या जुन्या पडीक शेतावर पडू लागलं. मातीने सुरुवातीला ते पिऊन टाकलं. थोड्या वेळाने तिचं पिणं थांबलं आणि शेत नुकत्याच घासलेल्या परातीसारखं चमकायला लागलं.

"दूध ओततायत की काय," शेजारी उभी असलेली वांडा प्रुइट म्हणाली. गावातलं एकुलतं एक दुकान आणि त्याच्या दारातला पेट्रोलपंप वांडाचा होता. "एवढं दूध मी उभ्या जन्मात विकलं नसेल."

"डिंक आहे म्हणे. पातळ केलेला. वाळला की माती धरून ठेवतो."

"तीन वर्षं भांडून शेवटी डिंक मिळवलास, डेल."

डेल्फिनाने वांडाच्या दंडावर हात ठेवला आणि टँकर शेताच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत तो तसाच राहू दिला.

मेस्किट वेल हे गाव म्हणजे हमरस्त्यावरून आत आलेल्या एका डांबरी फाट्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली घरं. कॅलिफोर्नियाचं वाळवंट चहूकडून त्याला टेकलेलं. पश्चिमेला जोजोबाचं शेत. कधीकाळी कुणा शहरी माणसांच्या डोक्यात आलं, या झुडपाच्या तेलावर सोनं पिकेल. त्यांनी वाळवंट नांगरलं, झुडपं लावली, आणि सोनं पिकेना तेव्हा एके दिवशी सगळं जागच्या जागी टाकून निघून गेले. त्या शेतावर ट्रॅक्टर चालवायला डेल्फिनाचा नवरा होता. नाव रेफुहियो, पण त्याला सगळे कुको म्हणत. मालक गेले, कुको राहिला. रस्त्यांची कामं केली, गॅरेज काढलं, बंद केलं.

मग शेतापलीकडच्या माळावर उन्हापासून वीज करणारी कंपनी आली. पडीक शेतही तिनेच विकत घेतलं. माळ खरवडून सपाट झाला, काळ्या काचांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्यांचं सामान वाहणारे ट्रक शेतातूनच जाऊ-येऊ लागले. वर्षानुवर्षं दबून बसलेली माती चाकांनी मोकळी केली. रोज दुपारी पश्चिमेचा वारा सुटे आणि ती गावात घेऊन येई. भांड्यांत, उशांत, मिठाच्या बरणीत माती. कुकोला आधी ताप आला, मग अंगावर घाम फुटू लागला, मग खोकला लागला तो थांबलाच नाही. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, या मातीत एक बुरशी असते, ती धुळीबरोबर छातीत उतरते आणि तिथे घर करते. एकेकाळी दोन्ही खांद्यांवर पोती घेणारा माणूस टपालपेटीपर्यंत जाऊन मध्येच थांबू लागला. थांबल्यावर तो खिसे चाचपायचा, जणू काही विसरलं म्हणूनच थांबलाय.

डेल्फिनाने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. आवाज न चढवता माणसांना जागेवर बसवायचं कसब तिच्यापाशी होतं. कंपनीच्या प्रत्येक सभेत ती उठायची आणि एकाच वाक्याने सुरुवात करायची, "माझ्या नवऱ्याची छाती तुमच्या धुळीने भरली आहे." पहिल्या सभेत लोकांनी माना खाली घातल्या. पुढच्या सभांना ते तिच्या मागे येऊन बसू लागले. कंपनीने बरेच दिवस तोंडाला पानं पुसली, आणि अखेर शरद ऋतूत टँकर आला.

धूळ खरोखरच बसली. पहिल्या आठवड्यात डेल्फिनाचा विश्वास बसेना. ती ओलं फडकं घेऊन खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवी आणि फडकं उलटून बघे. दुपारचा वारा येई तो नुसता वारा असे. तिने पुन्हा चादरी बाहेर वाळत घातल्या. गावाने शाळेच्या दालनात तिच्यासाठी केक कापला. त्यावर वांडाने साखरेच्या पाकाने केरसुणी काढली होती, ती बऱ्याच जणांना घोडा वाटली.

कुको ओट्यावर येऊन बसू लागला. आधी दुपारच्या आत, मग संध्याकाळीही. दोन घास जास्त खाऊ लागला. एक मोडकी खुर्ची दुरुस्त केली, नंतर वांडाच्या दुकानातला पंखा. रात्री त्याचा श्वास आत-बाहेर एका लयीत चाललेला ऐकत डेल्फिनाला झोप लागायची. तिच्या सांगण्यावरून नव्हे, तर आपणहून तो एकदा म्हणाला, "फीना, मला वाटतं या वर्षी मी मिरच्या लावीन."

त्या हिवाळ्यात पाऊस झाला. पाणी मुरलं नाही. शेतावरून काचेवरून घसरावं तसं सरकत आलं आणि त्याने फाट्याचा एक तुकडा खचवला. वसंतात शेतात फुलं आली नाहीत. एरवी बऱ्या पावसाच्या वर्षी तिथे पांढऱ्या, जांभळ्या फुलांची पातळ चादर अंथरलेली असे. डेल्फिनाच्या ते लक्षात आलं, पण बराच काळ न दिसलेला शेजारी लक्षात यावा तसं. चौकशी करायला हवी, असं वाटतं आणि माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो.

जूनमध्ये ऊन चढायच्या आत ती शेताच्या कडेने फिरायला जायची. अशाच एका सकाळी तिला मार्गो केसलरची गाडी उभी दिसली. मार्गो कंपनीने नेमलेली प्राणिशास्त्रज्ञ होती. वाळवंटी कासवांवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. तिशीची, उन्हाने नाक सोललेली, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारी. गाडीच्या दारात पाय सोडून ती दुर्बिणीतून शेताकडे बघत होती.

"काय आहे?" डेल्फिनाने हळू आवाजात विचारलं.

मार्गोने दुर्बीण पुढे केली. दुर्बिणीची गरज नव्हती. दगडफेकीच्या अंतरावर, एका वाळक्या जोजोबाच्या खाली, बिळाच्या तोंडापाशी कासव होतं. डेल्फिनाने त्याला लगेच ओळखलं. पाठीच्या उजव्या कडेचा तुकडा उडालेला. जोजोबाच्या दिवसांत कुकोच्या नांगराचं पातं या मादी कासवाच्या पाठीला घासलं होतं. कुको ट्रॅक्टर बंद करून, टोपी काढून, ती पुन्हा चालायला लागेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिला होता. पुढे त्याने तो कोपरा कधी नांगरला नाही, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. तिला तो सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा, आणि तो म्हणायचा म्हणून डेल्फिनाही.

सेन्योराची पाठ त्यांच्याकडे होती. मागचा एक पाय ती पुढे न्यायची, मातीवर दाबून मागे ओढायची, मग दुसरा. प्रत्येक वेळी खर्र असा आवाज येई, ताटलीवर चमचा घासल्यासारखा. मातीचा कणही उडत नव्हता. पायाखाली पांढुरकी, बोटभर जाडीची खपली होती आणि तिच्यावर नखांचे फिके ओरखडे.

"अंडी घालायला जागा करते आहे," मार्गो म्हणाली. "परवापासून बघते मी. येते, ओरबाडते, थकते, बिळात जाते. बिळाच्या तोंडाशी आम्ही जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. त्या दिवशी वारा होता. फवारा तिथेही गेला."

"मग फोडा ना ती खपली. एवढीशी तर जागा."

"मला हात लावता येत नाही, बारागानबाई. कासवालाही नाही आणि थरालाही नाही. थर एका जागी फुटला की वारा खाली शिरतो आणि सगळा उचकटत जातो. कंपनीने गावाला शब्द दिलाय की थर अखंड राहील." मार्गोने तिच्या खांद्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला दिलाय."

"आणि तिला जागा मिळाली नाही तर?"

"काही दिवस पोटात धरून ठेवेल. मग कुठेतरी उघड्यावर टाकेल. उन्हात."

खर्र आवाज थांबला होता. सेन्योरा मान लांब करून निश्चल उभी होती. थकलेली माणसं विहिरीच्या काठाला उभी राहतात तशी.

"पलीकडच्या कोरड्या ओढ्यात अजून मऊ वाळू आहे," मार्गो म्हणाली. "इथली बरीचशी कासवं तिकडे सरकलीत. पण गुरुवारी सभेत ओढाही फवारायचं ठरेल. सोमवारी टँकर येईल."

"कोण म्हणालं ओढा फवारा?"

मार्गोने पुन्हा तिच्या खांद्याकडे बघितलं. डेल्फिनालाच आठवलं. मार्च महिन्यातल्या सभेत नकाशावर बोट ठेवून, इथून अजून थोडी धूळ येते, असं तीच म्हणाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तुम्ही बोललात तर ऐकतील," मार्गो म्हणाली. "माझा अहवाल ते वाचतात आणि आभार मानतात."

"तुला नवरा आहे?"

"नाही."

"असला की बोलू आपण," डेल्फिना म्हणाली. ते तिच्या तोंडून वाटलं त्यापेक्षा कडू निघालं. ती दोन पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, "नाकाला काहीतरी लाव, पोरी. सोलून निघालंय."

घरी कुको ओट्यावर बसून मिरचीच्या रोपांना काड्यांचा आधार बांधत होता.

"सेन्योरा दिसली का?"

"नाही."

"जूनमध्ये दिसतेच ती."

"ऊन लवकर चढतंय हल्ली," डेल्फिना म्हणाली आणि बीन्स शिजत टाकायला आत गेली. पातेल्यात पाणी ओतताना ते जास्त झालं. तिने थोडं काढलं, मग पुन्हा थोडं घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कुको अजून झोपलेला असताना, तिने पडवीतून पहार काढली. तोंडाला कुकोचा जाड मास्क बांधला, ढकलगाडीत पाण्याचे कॅन ठेवले आणि ती शेतात गेली. मार्गोची गाडी नव्हती. सेन्योरा बिळात असावी. डेल्फिनाने बिळापासून थोडं दूर, सावली पडेल अशी जागा निवडली आणि पहार उचलून मारली.

पहिल्या घावाला नुसतं टोक घसरलं. दुसऱ्याला भेग पडली. भेगेत पहार घालून तिने भार दिला तेव्हा परातीएवढा तुकडा एकदम सुटून वर आला. तिने तो उलटा केला.

खालच्या बाजूला कोंब चिकटलेले होते. पांढरे, केसासारखे बारीक, वर येता न आल्यामुळे आडवे वाढत गेलेले. काही स्वतःभोवतीच वळले होते. पाऊस त्यांच्यापर्यंत कुठून तरी पोचला होता, आणि त्यांनी उगवायचं ते उगवून घेतलं होतं. ते आता वाळून कडक झाले होते. डेल्फिनाने बोट लावलं तसे मोडून पडले.

तिने तुकडा बाजूला ठेवला आणि पुढचा काढला.

खाटेएवढी जागा मोकळी व्हायला ऊन चांगलंच वर आलं. धूळ उडू नये म्हणून ती मधूनमधून पाणी शिंपडत होती. पण शेवटी वाऱ्याची एक झुळूक आलीच. ओंजळभर माती भिरभिरत उठली आणि गावाच्या दिशेने गेली. डेल्फिनाने श्वास रोखला. जणू तिने रोखला म्हणजे घरातल्या माणसाचाही रोखला जाणार होता. झुळूक ओसरल्यावर मास्कच्या आत तिला स्वतःचाच गरम श्वास ऐकू आला.

घरी येऊन तिने मागच्या अंगणात कपडे काढून बादलीत बुडवले. डोकं, कान, नखं नळाखाली धुतली. पहार धुतली. ती आत आली तेव्हा कुको कॉफी गाळत होता.

"कुठे होतीस?"

"वांडाकडे."

"केस ओले आहेत."

"उकडत होतं," ती म्हणाली. त्याने तिच्यापुढे कप ठेवला.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा गेली. मोकळ्या मातीत पावलांची दुहेरी रांग उमटली होती, मोहरा एकाला एक लावून ठेवल्यासारखी. रांग मध्यापर्यंत आली होती. तिथे दोन-तीनदा माती उकरलेली. आणि मग रांग पुढे निघून गेली होती. कुठला तरी वास आवडला नसेल. पाणी नको तेवढं झालं असेल. किंवा माणूस येऊन गेल्याचं कळलं असेल. खपलीवर पावलं दिसत नव्हती, पण दिशा कळत होती.

डेल्फिना चालत राहिली. शेत संपलं, कुंपणाच्या तुटक्या तारेखालून ती पलीकडे गेली आणि कोरड्या ओढ्यात उतरली. वाळूत तिचे पाय घोट्यापर्यंत गेले. ते बरं वाटल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पावलांची रांग इथे पुन्हा सुरू झाली आणि काठावरच्या क्रिओसोटच्या झुडपाखाली जाऊन थांबली. तिथली वाळू थापून सपाट केलेली होती. मधोमध ओल सुकल्याचा गडद डाग होता. जवळ जाऊन तिने हात पुढे केला, आणि खाली अंडी असणार म्हणून न टेकवता मागे घेतला.

ओढ्याच्या काठाने तिने वर-खाली नजर टाकली. इथे तिथे लाल फडक्याच्या छोट्या काठ्या रोवलेल्या होत्या. त्या मार्गोच्या नव्हत्या. सोमवारी टँकरने कुठून कुठवर जायचं, त्याच्या खुणा होत्या.

दुपारी कुको आरशासमोर दाढी करत होता. फार दिवसांनी स्वतः करत होता, मध्ये श्वास घ्यायला थांबत. डेल्फिना दारातून जात असताना तो आरशातच बघून म्हणाला, "पहार जड असते. कुदळ घ्यायची होतीस."

ती थांबली.

"वांडा बोलली?"

"पहार धुतलेली होती. या घरात लग्नापासून पहार कुणी धुतली आहे?" त्याने गालाखाली वस्तरा फिरवला. "सेन्योराने अंडी घातली का तिथे?"

"नाही. ओढ्यात गेली."

"ओढ्यात." तो मान हलवून हसला. "शहाणी आहे."

डेल्फिना कमोडचं झाकण लावून त्यावर बसली. न्हाणीघर एवढंसं होतं की तिचे गुडघे त्याच्या पोटऱ्यांना लागले.

"ओढा फवारायला मीच सांगितलंय," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी ओट्यावर बसतो म्हणजे बहिरा आहे असं नाही."

"उघडा राहिला तर तिकडून येणारच धूळ. पूर्वीइतकी नाही, पण येणार. दुपारचा वारा त्याच बाजूने..."

"वारा कुठून येतो ते मला कळतं, फीना."

त्याने वस्तरा धुतला, पाणी झटकलं. बोलायच्या आधी त्याला दोन श्वास लागले.

"आज बोलायला उठशील तेव्हा माझ्या छातीचं नाव काढू नकोस. इतकी वर्षं काढलंस, बरं केलंस. म्हणून तर मी इथे उभा आहे. पण आज नको."

"मग काय बोलू?"

"ते तुझं तू बघ. मी नुसता येऊन बसणार."

"तू येऊ नकोस. माणसं असतील, पंखे लावतील, सगळं उडेल..."

"मागे बसेन," तो तिला म्हणाला आणि गालावरचा साबण टिपू लागला. "मास्क लावून. बँक लुटायला आल्यासारखा."

सभा संध्याकाळी शाळेच्या दालनात होती. कंपनीकडून हॅल्व्होर्सन नावाचे गृहस्थ यायचे. ते नेहमीप्रमाणे पीच फळं भरून भाजलेला 'पाय' घेऊन आले होते आणि नेहमीप्रमाणे तो स्वतःच कापून देत होते. नकाशा भिंतीवर लावलेला होता. फवारून झालेली जागा राखाडी आणि ओढा पिवळा, बारीक, वेडावाकडा. मार्गो कडेला भिंतीला टेकून उभी होती. नाकाला पांढरं मलम होतं.

"ओढ्याचं काम सोमवारी सुरू करू," हॅल्व्होर्सन म्हणाले. "बारागानबाईंना काही सांगायचं असेल तर आधी त्यांना ऐकू."

डेल्फिना उठली. तिच्या मागच्या रांगांमध्ये हालचाल थांबली. तिचं ते पहिलं वाक्य ऐकायची सगळ्यांना सवय होती. त्यासाठीची शांतता त्यांनी आधीच करून ठेवली.

"ओढा सोडा," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नसावं. ती पुन्हा म्हणाली, "ओढ्यावर काही फवारू नका. आहे तसा राहू द्या. जुन्या शेतातून ट्रक नेणं बंद करा, त्यांना हमरस्त्याने फिरून जाऊ द्या. धूळ तिथून सुरू झाली."

"डेल," वांडा बसल्या जागेवरून म्हणाली, "ओढा तूच दाखवलास की."

"हो. मीच."

"मग आता काय झालं?"

डेल्फिनाने सांगितलं. खपलीवर उमटलेल्या ओरखड्यांचं सांगितलं, वाळूतल्या डागाचं सांगितलं. कोंबांचं सांगायला गेली, पण ते सांगून समजण्यासारखं नाही हे तिला अर्ध्यावर कळलं आणि तिने वाक्य सोडून दिलं. पहारीबद्दल ती बोलली नाही. मार्गो भिंतीपासून सरळ झाली होती.

दुसऱ्या रांगेत लुर्देस होती. तिला डेल्फिनाने बालवाडीपासून शाळेत नेलं-आणलं होतं. तिच्या मांडीवर तिचं बाळ झोपलेलं.

"कासवांचं मला वाईट वाटतं, बाई," लुर्देस म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. "पण आमचं घर ओढ्याच्या सगळ्यात जवळ आहे. याचं काय?"

डेल्फिनाने बाळाकडे बघितलं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि वरच्या ओठावर दुधाचा थेंब वाळला होता.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "तरी मी सांगते, ओढा सोडा."

ती बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांच्या नजरा हळूहळू मागे वळल्या, शेवटच्या बाकावर मास्क लावून बसलेल्या माणसाकडे. कुको हाताची घडी घालून नकाशाकडे बघत होता. त्याने कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही. होय म्हणून मान हलवली नाही, नाही म्हणूनही नाही.

हॅल्व्होर्सननी घसा साफ केला. "गावाचीच तशी इच्छा असेल तर ओढ्याचं काम रद्द करायला आमची काही हरकत नाही," ते म्हणाले, आणि ते इतक्या चटकन म्हणाले की काही जण एकमेकांकडे बघू लागले. "ट्रकचं मात्र वर विचारावं लागेल." नकाशावरच्या पिवळ्या रेघेवर त्यांनी लगेच फुली मारली. इतक्या वर्षांत डेल्फिनाची कुठलीच मागणी इतक्या पटकन मान्य झाली नव्हती.

बाहेर सूर्य डोंगराला टेकला होता. वांडा आपल्या गाडीशी किल्ल्या हलवत उभी होती.

"उद्या दुकानात ये," ती डेल्फिनाला म्हणाली. "माझ्याशी बोलू नकोस. मी आज तरी तुझ्याशी बोलत नाहीये. पण ये."

"येते."

लुर्देस बाळाला खांद्यावर घेऊन त्यांच्या समोरून गेली. तिने कुकोला मान लववली, डेल्फिनाकडे बघितलं नाही. ती गाडीत बसून निघून जाईपर्यंत डेल्फिना बघत राहिली.

दोघं गाडीने घरी निघाले. गाडीचा वारा देणारा पंखा बंद पडलेला, त्यामुळे काचा अर्ध्या खाली. फाटा ओढा ओलांडतो तिथे रस्त्यावर वाळूचे पातळ पट्टे सरकत होते, आणि संध्याकाळच्या उजेडात ते पाण्यासारखे दिसत होते. कुकोने मास्क काढून मांडीवर ठेवला होता. तो बाहेर बघत होता, काठावरची झुडपं एकेक करून मागे जाताना.

खोकला तिथेच सुरू झाला. आधी लहान, मग एकाला लागून दुसरा. तो पुढे वाकला, एक हात डॅशबोर्डवर टेकला. डेल्फिनाने पाय ब्रेकवर आणला आणि गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

कुकोने मान वर न करताच मोकळा हात उचलला आणि बोटांनी खूण केली. पुढे. चालव.

तिने काच वर केली आणि गाडी रस्त्यावर घेतली.